ठशाची खोली

ब्रिटनमधल्या एखाद्या छोट्या लेटरप्रेस, म्हणजे उठावाची अक्षरं दाबून छापणाऱ्या, स्टुडिओत लग्नपत्रिका छापायला टाकलेलं जोडपं नमुन्याचं कार्ड हाती आल्यावर आधी मजकूर वाचत नाही. बोट फिरवून बघतं. अक्षरं कागदात रुतलेली असावी लागतात. बोटाला चर लागली नाही तर एवढे पैसे कशाचे मोजले, असं वाटणारच. कागद सहाशे ग्रॅमचा, जाड, मऊ, कापसाचा. शाई एका, फार तर दोन रंगांची. स्टुडिओ म्हणजे बहुधा जुनं गॅरेज किंवा शेतावरचं कोठार, त्यात पन्नास-साठ वर्षांपूर्वीचं एक ओतीव लोखंडाचं यंत्र आणि काम करणारी एक-दोन माणसं. जाहिरातीत दोन शब्द हमखास असतात: पारंपरिक आणि पर्यावरणस्नेही.

या दोन दाव्यांची कुळी शोधत मागे गेलं की गंमत होते. आज परंपरा म्हणून जी चर विकली जाते, ती निष्णात छापणारे पिढ्यान्पिढ्या लपवत, दाबत, टाळत आले. आणि आजची जागरूकता म्हणून जे सांगितलं जातं, म्हणजे चिंध्यांचा कागद, बियांच्या तेलाची शाई, पुन्हा वितळवता येणारा माल, ते या धंद्यात पहिल्या दिवसापासून होतं. तेव्हा त्याचं कौतुक करायला कुणाला सवड नव्हती, इतकंच.

किरकोळ छपाई, म्हणजे पत्रिका-पावत्यांचं काम, ही ग्रंथछपाईची धाकटी बहीण, असा समज आहे. इंग्लंडपुरता तरी तो उलटा आहे. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना थाटला. इंग्लंडात छापलेल्या आणि तारीख ठाऊक असलेल्या कागदांत सगळ्यात जुना आहे तो पापक्षालनाचा दाखला. नावाची नि तारखेची जागा कोरी सोडून छापलेला, सरळसरळ एक फॉर्म. त्यावर हाताने तारीख घातली आहे १३ डिसेंबर १४७६. पुढच्या वर्षी कॅक्स्टनने आपल्या एका पुस्तकाची जाहिरात काढली: साधारण आठ बाय साडेचौदा सेंटिमीटरची चिठ्ठी, दुकानाचा पत्ता दिलेला, आणि शेवटी लॅटिनमध्ये विनंती की ही चिठ्ठी कुणी काढू नये. तिच्या दोनच प्रती उरल्या आहेत, एक ऑक्सफर्डला आणि एक मँचेस्टरला. पावत्या, फॉर्म, हस्तपत्रकं यांच्या रोजच्या पैशावर छापखाने जगले; ग्रंथांनी नाव दिलं.

कागदाची गोष्ट जास्त रंजक आहे, म्हणून तिथे जरा थांबतो.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातला जवळजवळ सगळा कागद चिंध्यांचा. झिजलेले सदरे, चादरी, गलबतांची शिडं, दोरखंड, सगळं कुजवायचं, कुटायचं, लगदा करायचा. इंग्लंडात पहिली कागदगिरणी जॉन टेट याने १४९० च्या दशकात हर्टफर्डजवळ काढली, पण पुढची दोनशे वर्षं बराचसा चांगला कागद फ्रान्स-इटलीहूनच येत राहिला. कापड सहज टाकून देण्याचा तो काळ नव्हता, त्यामुळे चिंध्यांचा कायम तुटवडा. १६६६ मध्ये पार्लमेंटने कायदा केला की प्रेत लोकरीच्याच कापडात गुंडाळून पुरावं. १६७८ मध्ये तो कडक झाला: लोकरीत पुरल्याचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, नाहीतर पाच पौंड दंड. हेतू होता लोकरीच्या धंद्याला हात द्यायचा. पण त्यामुळे मातीत जाणारं लिनन वाचलं आणि फिरत फिरत कागदवाल्याकडे पोचलं. हा कायदा १८१४ पर्यंत रद्द झाला नव्हता. आज कापसाच्या कागदावर छापणाऱ्या स्टुडिओला आपल्या मालाच्या पूर्वजांत मेलेल्यांचं वाचलेलं कफन आहे, हे सांगितलं तर ते जाहिरातीत घालतील असं वाटत नाही.

फ्रान्सशी युद्ध सुरू झाल्यावर युरोपातून येणाऱ्या चिंध्या आटल्या आणि कागदाचे भाव चढले. तेव्हा मॅथियस कूप्स नावाचा एक खटपट्या पुढे आला. त्याने १८०० मध्ये दोन गोष्टींची पेटंटं घेतली: छापलेल्या कागदावरची शाई धुऊन त्याचा पुन्हा कागद करण्याची, आणि गवत, पेंढा, लाकूड यांपासून कागद करण्याची. लंडनमध्ये बर्मंड्सीच्या नेकिंजर गिरणीत त्याने जुन्या कागदापासून नवा कागद खरोखर काढून दाखवला. मग त्याने कागदाच्या इतिहासावर एक पुस्तक लिहिलं आणि ते स्वतःच्याच पेंढ्याच्या कागदावर छापलं. तो कागद पिवळसर आहे, पण दोनशे वर्षांनंतरही हातात धरता येतो. मिलबँकला त्याने प्रचंड भांडवलाची गिरणी उभारली आणि दोन-चार वर्षांत तिचं दिवाळं वाजलं. आज 'पुनर्वापरातला कागद' अशी पाटी लावून जो माल विकला जातो त्याचा मूळपुरुष हा. तो बुडाला याचं मला नवल वाटत नाही. धंद्यात पन्नास वर्षं लवकर येणं आणि पन्नास वर्षं उशिरा येणं यांत फारसा फरक नसतो.

पुढे स्पेन नि उत्तर आफ्रिकेतलं एस्पार्टो गवत आलं, मग लाकडाचा लगदा आला, कागद स्वस्त झाला आणि ठिसूळही झाला. चिंध्या फक्त महागड्या कागदापुरत्या उरल्या.

शाईचंही तसंच. जवसाचं तेल कढवून घट्ट करायचं आणि त्यात काजळी घोटायची, ही शाई कॅक्स्टनच्या आधीपासूनची. म्हणजे जवसाच्या धाग्यापासून लिनन, लिननच्या चिंध्यांपासून कागद, आणि त्याच रोपाच्या बीच्या तेलाची त्यावर शाई. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत शाई लावायला मेंढीच्या कातड्याचे, आत लोकर भरलेले गोळे असत. रात्री ते मुतात भिजत ठेवत, म्हणजे कातडं मऊ राही. मग रूळ आले, तेही सरस आणि काकवी यांच्या मिश्रणाचे. उन्हाळ्यात ते पाझरत, थंडीत कडक होत. खराब झाले की वितळवून त्याच साच्यात पुन्हा ओतत. अक्षरांचे खिळे शिसं, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रधातूचे, तेही झिजले की भट्टीत. हे सगळं वाचून त्या काळाबद्दल हळवं व्हायला नको. न धुतलेल्या चिंध्या निवडणाऱ्या गिरणीतल्या बायकांना देवी यायच्या, आणि खिळे ओतणाऱ्यांच्या अंगात शिसं भिनायचं. काही वाया जात नसे हे खरं, पण त्यात माणसं धरलेली नाहीत.

आता ठशाकडे येऊ.

हातदाबावर छापताना कागद आधी ओलसर करत, म्हणजे तो मऊ पडून शाई नीट उचली. त्यामुळे अक्षर कागदात थोडं शिरत असेच. पण ते तसंच ठेवायचं नसतं. छापलेले ताव वाळवून, दाबाखाली घालून सपाट करायचे, हा कामाचाच भाग. बर्मिंगहॅमच्या जॉन बास्करव्हिलने यात टोक गाठलं. १७५७ मध्ये त्याने छापलेल्या व्हर्जिलच्या काव्यग्रंथात काही भाग व्हॉटमन या कागदवाल्याच्या नव्या गुळगुळीत कागदावर आहे, आणि छापलेले ताव त्याने तापवलेल्या तांब्याच्या पत्र्यांमध्ये दाबून काढले. पान चकचकीत, अक्षर काळंभोर, चर शून्य. त्याच्यावर टीका झाली ती पान इतकं चमकतं की डोळ्यांना त्रास होतो अशी. ठसा दिसत नाही अशी तक्रार कुणी केली नाही.

आणि प्रतिष्ठेच्या स्टेशनरीत तर लेटरप्रेसला जागाच नव्हती. इंग्रज उमरावाचं भेटकार्ड, दरबारी निमंत्रण, घराण्याच्या पत्त्याचा कागद हे सगळं ताम्रपटावर कोरून छापलेलं असे. त्यात शाई खोबणीतून उचलली जाते आणि कागदावर किंचित वर उभी राहते. बोट फिरवून खानदान ओळखायचं ते या उंचवट्यावरून. ज्यांना हे परवडत नसे त्यांच्यासाठी पुढे थर्मोग्राफी निघाली: ओल्या शाईवर राळेची पूड टाकून तापवायची, ती फुगते, लांबून कोरीव काम वाटतं. म्हणजे शे-दीडशे वर्षं माणसं वर आलेल्या अक्षराची नक्कल करायला धडपडत होती. खाली गेलेलं अक्षर म्हणजे दुकानाची पावती, गाईंच्या लिलावाचं पत्रक, हरवलेल्या कुत्र्याची नोटीस. हेन्री कोलने १८४३ मध्ये काढलेलं नाताळचं पहिलं विक्रीचं कार्डसुद्धा शिळाछपाईचं आहे, हाताने रंगवलेलं. 'पारंपरिक ब्रिटिश लेटरप्रेस स्टेशनरी' असं आज म्हणतात तेव्हा ती परंपरा किराणा दुकानदाराची आहे, हवेलीची नाही. मला त्यात काही कमीपणा दिसत नाही. विकणाऱ्यांना दिसत असावा, नाहीतर त्यांनी कार्डावर राजमुकुट आणि वेली काढल्या नसत्या.

किराणा दुकानदाराला छापखान्याशी जोडून दिलं ते टपालाने. जानेवारी १८४० मध्ये ब्रिटनभर एक पेनीचा दर लागू झाला, मे महिन्यात पहिलं तिकीट निघालं, आणि १८४५ मध्ये एडविन हिल आणि वॉरन दे ला रू यांनी पाकिटं घडवणारं यंत्र केलं. पत्रं वाढली तसे पत्राचे मथळे, बिलं, पाकिटं, कार्डं वाढली. इतक्या बारक्या कामाला मोठा दाब परवडेना. अमेरिकेत जॉर्ज गॉर्डन याने पायाने चालवायचं, शिंपल्यासारखं उघडमीट होणारं यंत्र केलं होतं; १८६० च्या दशकात नॉटिंगहॅमच्या क्रॉपर कंपनीने त्याच धर्तीवर ते ब्रिटनमध्ये बनवायला घेतलं आणि ते इतकं खपलं की अशा कुठल्याही यंत्राला 'क्रॉपर'च म्हणू लागले. हॅलिफॅक्सच्या जोसाया वेडने १८७२ पासून आपलं 'अरब' काढलं. तासाला हजारभर कार्डं, एक माणूस, एक पाय.

मराठी वाचकाला हे यंत्र नवं नाही. आपल्या तालुक्याच्या गावांत १९९० च्या दशकापर्यंत लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि गणेशोत्सवाची पत्रकं ज्यावर निघत तो ट्रेडल हाच. आणि तिथेही नियम तोच होता. कागद उलटा करून उजेडात धरायचा. पाठीवर अक्षर उठलेलं दिसलं की मालक मशीनमनवर खेकसायचा. कारण साधं होतं. खिळे हीच छापखान्याची पुंजी. कोरड्या, टणक कागदावर जोर दिला की शिशाची बारीक टोकं बसतात, 'क'चा देठ जाड होतो, वेलांटी तुटते. म्हणून पॅकिंग कमी-जास्त करायचं, जिथे अक्षर फिकं तिथे मागून पातळ कागदाचा तुकडा चिकटवायचा, जिथे जड तिथे कापून काढायचा. या मेकरेडीत तास-तास जाई. उत्तम छपाई म्हणजे खिळ्याने कागदाला नुसता स्पर्श करणं, शाई ठेवून परत येणं.

मग ठसा कधी मानाचा झाला? बीज लेखक आणि कारागीर विल्यम मॉरिसने पेरलं. १८८८ च्या नोव्हेंबरात एमरी वॉकरने लंडनमध्ये जुन्या छपाईच्या स्लाइड्स पडद्यावर दाखवत एक व्याख्यान दिलं. ते ऐकून मॉरिसने १८९१ मध्ये हॅमरस्मिथला केल्म्स्कॉट प्रेस काढला. यंत्र अल्बियन हातदाब, म्हणजे तेव्हाच जुनाट. कागद केंटमधल्या जोसेफ बॅचलरच्या गिरणीचा, हाताने केलेला, लिननच्या चिंध्यांचा. तो ओला करून, घट्ट शाई लावून, जोराने दाबायचा. १८९६ मध्ये तिथे छापलेल्या कवी चॉसरच्या ग्रंथाच्या पानांवर अक्षर कागदात बसलेलं दिसतं, आणि मॉरिसला ते दिसायलाच हवं होतं: कारखान्यातून निघालेल्या गुळगुळीत पानाला ते उत्तर होतं. मॉरिस समाजवादी होता आणि त्याची पुस्तकं फक्त श्रीमंतांना परवडत. हा पेच त्याला स्वतःलाही छळत असे. त्याच्या वारसदारांना तो फारसा छळताना दिसत नाही. चॉसर ज्या अल्बियनवर निघाला ते यंत्र पुढे अमेरिकेत गेलं आणि २०१३ मध्ये लिलावात २,३३,००० डॉलरला विकलं गेलं.

एका टोकाला मॉरिस आणि हवेली आहे, तर दुसऱ्या टोकाला स्वयंपाकघरातलं टेबल. डोनल्ड अॅस्पिनॉल याने १९२२ पासून ट्विकनहॅमहून 'अडाना' नावाची टेबलावर मावणारी छोटी हातयंत्रं विकायला सुरुवात केली. पाळकांनी चर्चची पत्रकं छापली, शाळामास्तरांनी नाटकाची तिकिटं, पेन्शनरांनी शेजाऱ्यांची कार्डं. १९५३ मध्ये निघालेलं आठ बाय पाच इंची अडाना तर घराघरांत गेलं. नवी यंत्रं बनणं १९९९ मध्ये थांबलं, पण जुनी अजून माळ्यावरून खाली येतात, तेलपाणी करून विकली जातात. आज स्टुडिओ चालवणाऱ्यांपैकी कितीतरी जणांचा हात याच यंत्रावर बसला आहे. मॉरिसच्या नावाने कार्डं विकली जात असली, तरी हे लोक खरे वंशज अडानाचे.

दरम्यान धंदा म्हणून लेटरप्रेस मेला. ऑफसेटने १९६० नंतर किरकोळ काम ओढून नेलं. १९८६ मध्ये माध्यमसम्राट मर्डॉकची वृत्तपत्रं फ्लीट स्ट्रीटहून वॉपिंगला गेली, मजकूर थेट संगणकावर जुळू लागला आणि पाच हजारांहून जास्त कामगार रस्त्यावर आले. छापखाने बंद झाले तसे खिळे भंगाराच्या भावाने, शिसं म्हणून वजनावर गेले. खिळ्यांच्या लाकडी खणांना जुन्या बाजारात गिऱ्हाईक मिळालं ते दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगून त्यात चिनी मातीच्या बाहुल्या मांडणारं. जर्मनीच्या हायडेलबर्गचं पंखे फिरवत तासाला पाच हजार कागद उचलणारं यंत्र, १९१४ ते १९८५ या काळात बनलेलं, छापखानदार फुकट न्या म्हणू लागले. आजच्या स्टुडिओंचा पाया या फुकटात आहे. नवं यंत्र विकत घ्यावं लागलं असतं तर हा धंदा सुरूच झाला नसता.

पुनर्जन्म झाला अमेरिकेत, १९९० च्या दशकात. मार्था स्टुअर्टच्या लग्नविषयक मासिकाने जाड कागदात खोल रुतलेल्या पत्रिकांची छायाचित्रं छापली. छायाचित्रात शाईचा दर्जा दिसत नाही, सावली दिसते. चर जेवढी खोल, तेवढी सावली गडद. मागणी आली, आणि क्रेन या जुन्या कंपनीने मुद्दाम मऊ, फुगीर असा कापसाचा कागदच लेटरप्रेससाठी काढला. ब्रिटनमध्ये ही लाट थोडी उशिरा पोचली आणि तिने आपल्याबरोबर मॉरिसचं नाव, अडानाचे हौशी लोक आणि रिकामी पडलेली हायडेलबर्ग यंत्रं अशी सगळी मोट बांधली.

पण शिशाचे खिळे इतका दाब सोसत नाहीत, मग एवढी चर पडते कशी? फोटोपॉलिमरने. मजकूर संगणकावर मांडायचा, त्याची फिल्म काढायची, प्रकाशाने घट्ट होणाऱ्या प्लास्टिकच्या पत्र्यावर ती उमटवायची, न घट्ट झालेला भाग पाण्याने धुऊन टाकायचा. जी प्लेट उरते ती हवी तितकी दाबा. काम झालं की तिचं मोल संपलं. प्रत्येक जोडप्यासाठी नवी प्लेट, कारण दुसऱ्या कुणाची नावं तीच नसतात. शिशाचा खिळा मात्र आज वधूच्या नावात आणि उद्या कुणाच्या शोकपत्रात. तेव्हा चर जितकी खोल, तितकं ते कार्ड परंपरेपासून आणि पुनर्वापरापासूनही दूर. हे कुणी लबाडीने करतं असं मला म्हणायचं नाही. पॉलिमर नसतं तर देवनागरी, अरबी किंवा एखाद्या चित्रकाराची रेघ यातलं काहीच या स्टुडिओंत सहजी छापता आलं नसतं.

बाकीचा हिशेब बराचसा स्टुडिओंच्या बाजूने आहे. साठ वर्षांचं यंत्र चालतं ठेवणं ही खरी बचत आहे. कापसाचा कागद बहुधा सरकीला चिकटून राहिलेल्या आखूड तंतूंचा असतो, म्हणजे उपउत्पादनाचा. मात्र कापसाच्या पिकाला पाणी किती लागतं हे विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकाला सांगायला नको. कंब्रियातली जेम्स क्रॉपर ही १८४५ पासूनची गिरणी वापरलेल्या कॉफीच्या कपांतला तंतू वेगळा करून कागदात घालते. यंत्रवाल्या क्रॉपरशी तिचा संबंध नाही, फक्त आडनाव एक. काही स्टुडिओ हुबळीजवळच्या तारिहाळचा कागद वापरतात. तिथे होजिअरीच्या कारखान्यांतली बनियनची कात्रणं कुटून हाताने ताव काढतात आणि ससेक्समधल्या चिचेस्टरहून ते ब्रिटनभर जातात. पुण्यात शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेने १९४० पासून चिंध्यांवर हेच केलं, ते खादी-ग्रामोद्योगाच्या धोरणातून. ब्रिटनमध्ये ते आता चोखंदळपणा म्हणून विकलं जातं. जवसाच्या किंवा सोयाच्या तेलाच्या शाया पुन्हा आल्या आहेत. यंत्र पुसायला रॉकेलसदृश द्रावकाऐवजी साधं खाद्यतेल चालतं, जरा जास्त घासावं लागतं.

खिळे मात्र संपत चालले आहेत. मोनोटाइपच्या सरेतल्या सॅल्फर्ड्स कारखान्यात एके काळी रोमनबरोबर देवनागरीचेही साचे बनत. जगभरच्या लिप्यांचं हे भांडार लंडनच्या स्टॉकवेल भागात, पूर्वीच्या जनावरांच्या इस्पितळाच्या इमारतीत, टाइप आर्काइव्ह म्हणून १९९२ पासून जपलं गेलं. ती जागा आता बंद झाली आणि मोनोटाइपचा संग्रह सायन्स म्युझियमच्या विल्टशरमधल्या कोठारात गेला. ग्लॉस्टरशरमधल्या व्हिटिंग्टन प्रेससारख्या मोजक्या ठिकाणांनी ओतकामाची यंत्रं नि साचे जमवून स्वतःचे खिळे स्वतः ओतले, पण प्रत्येकाला ते झेपत नाही. म्हणून जे स्टुडिओ अजून धातूचे खिळे जुळवतात ते गिऱ्हाइकाला ऑर्डर घेतानाच विचारतात: खोल ठसा हवा असेल तर प्लेट करू, खिळ्यांवर हवं असेल तर हलकंच छापू, चर लागणार नाही, आणि जुळणीचे पैसे वेगळे पडतील.